मागची खडखड, पाट्याचे बुश आणि चाकावर उभ्या गाडीत आवळायचा बोल्ट

मागून खडखड यायला लागली की आपल्याकडं पहिलं काय होतं तर शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलले जातात. जुनी फियाट असो नाहीतर अँबॅसिडर, मिस्त्री गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबतो, सोडतो, गाडी जरा वरखाली झाली की "शॉकप गेले की ओ" म्हणतो आणि आपण पैसे काढून देतो. नवीन शॉकअप बसतात, गाडी डुलायची थांबते, आणि पहिल्याच स्पीड ब्रेकरवर तोच आवाज. शॉकअप गेलेले असतीलही, मी नाही म्हणत नाही, पण शॉकअप गेल्याची खूण म्हणजे गाडी डुलणं, खड्ड्यानंतर बराच वेळ वरखाली होत राहणं. धातूवर धातू आपटल्यासारखा जो "ठक्क" आवाज येतो, तो बहुतेक वेळा पाट्याच्या, म्हणजे लोखंडी पानांच्या स्प्रिंगच्या, रबरी बुशचा असतो, आणि त्याच्याकडं कुणी बघतच नाही कारण तो पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल वळशात, लपलेला असतो, चिखलाखाली असतो आणि किमतीला इतका किरकोळ असतो की एवढ्याशा रबरानं एवढा त्रास होईल यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

आमच्या प्रीमियर पद्मिनीचे मागचे सगळे बुश या उन्हाळ्यात आम्ही घरासमोर काढून नवीन बसवले, म्हणून हे जरा सविस्तर लिहायला घेतलंय. गाडी 1986 ची, वडिलांनी घेतलेली, विश्रामबागेत आमच्या दारात तेव्हापासून उभी आहे आणि रोज नाही पण आठवड्यातून एकदा तरी बाहेर पडतेच. सांगलीकरांना या गाडीबद्दल थोडी जास्त आपुलकी असायला हरकत नाही, कारण 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती वालचंद हिराचंद यांनी, आणि विश्रामबागेतलं वालचंद कॉलेज त्यांच्याच नावाचं. मूळ गाडी इटलीची, फियाट 1100. आधीच्या गोल पाठीच्या मॉडेलला लोक डुक्कर फियाट म्हणायचे, मग 1964 ला डिलाइट आली, पुढं सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि मागं सरळ एक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा, आणि दोन्ही बाजूला लांब पाटे. मुंबईची काळी-पिवळी म्हणून सगळ्यांनी बघितलीय, तिथं शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, आणि त्याचा परिणाम आमच्यासारख्यांना जाणवतो तो असा की टॅक्सीच्या जिवावर जे पार्ट मुबलक मिळायचे ते आता शोधावे लागतात.

आता बुश करतो काय ते नीट सांगतो, कारण हे एकदा कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

आजच्या गाड्यांत मागच्या चाकांना जागेवर धरायला वेगळे आर्म असतात, स्प्रिंग वेगळी असते. आपल्या जुन्या गाडीत तसं काहीच नाही. पाटाच स्प्रिंग आणि पाटाच आर्म. इंजिनानं चाकं फिरवली की गाडीला पुढं ढकलणारा सगळा जोर एक्सलमधून पाट्यात आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून बॉडीत जातो, ब्रेक मारला की मागं ओढणारा जोरही त्याच वाटेनं. म्हणजे सगळी गाडी मागून ढकलली जाते ती दोन बाजूंच्या दोन बुशांवर. पुढचा डोळा बॉडीच्या हँगरला, म्हणजे पाटा धरणाऱ्या पत्र्याच्या खोबणीला, बोल्टनं पक्का असतो आणि मागचा डोळा शॅकलवर, म्हणजे दोन छोट्या प्लेटींच्या जोडावर, झुलता असतो, कारण पाटा दबला की सरळ होतो आणि सरळ झाला की लांब होतो, ती वाढलेली लांबी शॅकल मागं झुकून सांभाळून घेतो.

पुढच्या डोळ्यातला बुश म्हणजे आपण ज्याला सायलेंट ब्लॉक म्हणतो तो, बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मध्ये घट्ट भरलेलं रबर. बाहेरची नळी डोळ्यात ठोकून बसवलेली, ती फिरत नाही. आतली नळी हँगरच्या दोन पत्र्यांमध्ये बोल्टनं आवळलेली, तीही फिरत नाही. मग चाक वरखाली होताना पाटा फिरतो कसा? तर मधलं रबर पीळ खातं. घासत काहीच नाही, म्हणून तिथं ग्रीस लागत नाही, आवाज होत नाही. शॅकलमध्ये साधे रबरी अर्धे बुश असतात, कॉलरवाले, दोन्ही बाजूंनी घालून प्लेटनं दाबायचे, पण काम तेच.

हे रबर फाटलं की काय होतं? समजा एका बाजूच्या पुढच्या डोळ्यात 5 मिलिमीटरचा ढिलेपणा आला. दोन पाट्यांमध्ये साधारण मीटरभर अंतर. म्हणजे एक बाजू 5 मिलिमीटर पुढं सरकली की अख्खा एक्सल पाव अंशापेक्षा जास्त तिरका झाला, आणि एक्सल तिरका म्हणजे मागची चाकं स्वतःच गाडी वळवायला लागली. ॲक्सिलेटर दिला की एका बाजूला, सोडला की दुसऱ्या बाजूला. पुढं अलाइनमेंट कितीही केलं तरी हे जाणार नाही, कारण दोष पुढं नाहीच. आमच्या गाडीत नेमकं हेच चाललेलं. इस्लामपूरकडं जाताना पेठ रस्त्यावर, तो रस्ता ज्यांनी खराब असताना वापरलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल, साठच्या स्पीडला ॲक्सिलेटरवरून पाय काढला की गाडी हलकीच डावीकडं पाऊल टाकायची. स्टिअरिंग सरळ, पुढचे टायर सरळ, आणि ढुंगण मात्र सरकायचं. शिवाय क्लच सोडताना पहिल्या गिअरला मागून एक "टक", रिव्हर्स टाकला की पुन्हा "टक".

तपासायचं कसं? गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यायची, जॅकवर चाक लोंबकळत ठेवून बघू नका, वजन चाकांवरच पाहिजे. एकानं गाडीत बसून इंजिन चालू ठेवून, पाय ब्रेकवर घट्ट, क्लच अगदी हळू सोडत पहिला गिअर आणि मग रिव्हर्स, गाडी हलू द्यायची नाही, फक्त जोर द्यायचा. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बॅटरीच्या उजेडात पुढच्या डोळ्याकडं बघायचं, आणि हा दुसरा माणूस गाडीच्या समोर किंवा चाकामागं अजिबात नको. बुश चांगला असेल तर डोळा किंचित हलल्यासारखा वाटेल, गेलेला असेल तर डोळा हँगरमध्ये पुढंमागं उडी मारताना चक्क दिसतो. मग इंजिन बंद करून टॉमी (लोखंडी पहार) घ्यायची, डोळा आणि हँगरच्या मध्ये घालून अलगद दाबायचं. रबर दाबलं जातं आणि परत येतं ते वेगळं, आणि टॉमी नुसतीच हलते, काही परतून ढकलत नाही ते वेगळं. हा फरक हाताला लगेच कळतो. अजून एक खूण म्हणजे बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस पूड, लोखंड लोखंडावर घासल्याशिवाय ती पूड तिथं येत नाही.

हे सगळं करायच्या आधी बाकीचे चोर बाजूला काढा. डिकीतला जॅक आणि स्टेपनी बाहेर काढून एक चक्कर मारा, सायलेन्सरचं हँगर रबर बघा, शॉकअपच्या टोकाचे रबर बघा, पाटा एक्सलला बांधणाऱ्या यू बोल्टचे नट पान्ह्यानं तपासा. क्लच सोडतानाची "टक" प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसची (सांध्याची) पण असू शकते, शाफ्ट हातानं पिळून बघितला की कळतं. आणि दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावून माप घ्या, स्टिअरिंग सरळ ठेवून. दोन मापांत फरक आला तर एक्सल कुठल्या बाजूला सरकलाय ते टेपच सांगते. खर्च शून्य.

आता मुद्द्याचं, बुश जातात का. रस्ते खराब आहेत हे तर आहेच. उसाच्या सीझनला ट्रॅक्टरनं केलेली चाकोरी, पावसाळ्यात डांबर उखडलेलं, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पण मला दोन कारणं त्याहून मोठी वाटतात आणि दोन्ही आपण स्वतःच्या हातानं करतो.

पहिलं, जळकं ऑईल. सर्व्हिसिंग केलं की गाडीच्या पोटाला आणि पाट्यांना जळकं ऑईल नाहीतर डिझेल मारायची पद्धत आहे, गंज लागू नये आणि पाटे कुरकुरू नयेत म्हणून. पाट्याच्या पानांना त्याचा फायदा होतो हे कबूल. पण बुशचं रबर नैसर्गिक रबर असतं, आणि नैसर्गिक रबर पेट्रोलियमचं तेल शोषून फुगतं, मऊ पडतं, शेवटी बोटानं चुरा होईल असं होतं. वर्षानुवर्षं दर सर्व्हिसिंगला हे होत राहिलं की बुश कितीही चांगल्या कंपनीचा असो, जाणारच. तेच ग्रीसचं, कुरकुर ऐकू आली की रबरावर ग्रीस चोपडतात, आवाज चार दिवस थांबतो आणि रबर कायमचं जातं. रबराला काही लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, किंवा बसवताना साबणाचं पाणी नाहीतर ग्लिसरीन. पाट्यांना ऑईल मारायचं असेल तर ब्रशनं मारा, स्प्रेनं नको, आणि दोन्ही टोकांचे डोळे कोरडे ठेवा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बोल्ट कधी आवळायचा.

बहुतेक ठिकाणी गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर, चाकं खाली लोंबकळतायत, पाटा पूर्ण मोकळा, त्याच अवस्थेत बुश बसवून बोल्ट करकचून आवळतात आणि मग गाडी खाली सोडतात. वर सांगितलं तसं, बोल्ट आवळला की आतली नळी तिथंच कायमची पकडली जाते. म्हणजे रबराला वाटतं की चाक लोंबकळलेलं असणं हीच आपली निवांत अवस्था. गाडी चाकावर उभी राहिली की पाटा 10-15 अंश फिरतो आणि रबर तेवढा पीळ घेऊन बसतं, दारात उभ्या गाडीतसुद्धा, रात्रंदिवस. वर माणसं बसली, खड्डा आला की अजून पीळ. रबर दोन्ही बाजूंना थोडं थोडं पिळायला बनवलंय, एकाच बाजूला सतत ताणून ठेवायला नाही, ते मग नळीपासून सुटतं किंवा मधूनच फाटतं. आमच्या गाडीला काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये नवे बुश घातलेले, लिफ्टवरच आवळून दिलेले, आणि ते वर्षभरही नीट टिकले नाहीत. तेव्हा सगळ्यांनी पार्ट डुप्लिकेट निघाला म्हणून विषय सोडून दिला. यावेळी ते काढल्यावर हातात घेऊन बघितले तेव्हा पार्टचा दोष नव्हता हे स्पष्ट दिसलं. डाव्या पुढच्या बुशचं रबर आतल्या नळीभोवती तिरकं फाटत गेलेलं, कापडाला पीळ देऊन फाडल्यावर चीर जशी वळत जाते तशी, आणि फाट दोन्ही बुशांत एकाच दिशेला. आतली नळी एका अंगाला घासून आरशासारखी चकचकीत, दुसऱ्या अंगाला जुना काळा रंग तसाच. डुप्लिकेट माल असता तर दोन्ही बाजूंना एकाच दिशेनं फाटला नसता.

काढायचं काम मात्र कष्टाचं आहे, ते हलक्यात घेऊ नका. मदतीला मिरजेचे एक चाचा होते, आयुष्यभर फियाटवर काम केलेले, आता गॅरेज मुलाकडं दिलंय पण पद्मिनी म्हटलं की येतात. आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टना गंज सोडवायचं औषध मारून ठेवलेलं, रबरावर जाऊ न देता, अर्थात जुनं रबर टाकायचंच होतं पण सवय लागलेली बरी. पुढच्या चाकांना दगड नाही, लाकडी ठोकळे लावले. जॅक एक्सलखाली घेऊन गाडी उचलली आणि बॉडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) बसवली, पुढच्या हँगरच्या पुढं जिथं मजबूत बॉक्स सेक्शन आहे तिथं. पद्मिनीला वेगळा चासी नाही, बॉडीच चासी, म्हणून घोडा कुठंही पत्र्याला लावला तर पत्रा आत जातो. जॅक एक्सलखाली तसाच ठेवायचा, कारण बोल्ट निघताना त्याच्यावर वजन नको, जॅक थोडा वर, थोडा खाली करत राहायचं, एका जागेला बोल्ट हलका होतो आणि तिथं तो निघतो.

उजवा निघाला. डावा निघेना. बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला, डोकं फिरतंय आणि सोबत नळीही फिरतेय. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 50 फुटांच्या वर गेलं तेव्हा गाडी ज्या नातेवाइकांकडं सुरक्षित म्हणून नेऊन ठेवलेली तिथंही चाकं बुडेपर्यंत पाणी आलं होतं, त्या पाण्याची आठवण या बोल्टमध्ये राहिलेली. शेजारचा एकजण म्हणाला गॅस कटर मागवूया, दोन मिनिटाचं काम. चाचांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, "पेट्रोलची टाकी मागंच हाय बाबा, तिथं आग न्यायची नाही." आणि ते शंभर टक्के बरोबर आहे, वर रबर जळाल्याचा धूर छातीत जातो तो वेगळाच. मग हँगरचा पत्रा आणि बुशच्या मध्ये हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. पाती बरीच गेली, दुपारही गेली, पण हँगरला ओरखडा आला नाही.

बोल्ट निघाल्यावर हँगर नीट बघा. घाईत हे राहून जातं. बोल्ट सैल राहिलेला असेल तर हँगरचं होल ओव्हल होतं, आणि ओव्हल होलात नवा बुश घालून काही उपयोग नाही, तिथं वायसर (वॉशर) वेल्ड करून होल नवं करावं लागतं, टाकी उतरवून आणि माहितगार वेल्डरकडूनच. हँगरच्या आजूबाजूचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघा, भुसभुशीत लागला तर बुशचं काम थांबवून आधी पत्र्याचं काम. आमचा डावीकडं वरवर गंजलेला निघाला, आत ठणठणीत होता, घासून प्रायमर मारून घेतला.

डोळ्यातून जुनी बाहेरची नळी काढायला हॅक्सॉचं पातं उलटं बांधून नळीला आतून एक चीर पाडायची, डोळ्याला न लागू देता, चीर पूर्ण झाली की नळी आत मिटते आणि हातोडीच्या दोन ठोक्यांत निघते. नवी बसवायला प्रेस नसेल तर लांब थ्रेडचा बोल्ट, एका बाजूला बुशच्या बाहेरच्या नळीएवढा सॉकेट, दुसऱ्या बाजूला डोळ्याएवढा पाइपचा तुकडा, आणि नट आवळत नळी हळूहळू आत ओढून घ्यायची. जोर बाहेरच्या नळीवरच यायला पाहिजे. रबरावर किंवा आतल्या नळीवर ठोकलं की बुश बसायच्या आधीच सुटतो.

बुश कुठले घ्यायचे यावर आमच्या दारात बरीच चर्चा झाली. शंभर फुटी रोडला लेथवाल्यानं आपुलकीनं सांगितलं, गनमेटलचे करून देतो, आयुष्यभर बघायला नको. जुन्या काळी गाड्यांना आणि अजूनही ट्रकला धातूचे बुश असतातच, पण त्यांना ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असतं आणि नियमानं ग्रीस मारावं लागतं, ज्या पाट्याला निपलच नाही तिथं गनमेटल कोरडं घासणार आणि रस्त्याचा प्रत्येक खडा बॉडीत ऐकू येणार. नायलॉनचंही तसंच, त्याला दाब सोसतो पण पीळ घेता येत नाही. पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, हा पर्याय त्यातल्या त्यात विचार करण्यासारखा. साधं बुशचं रबर कडकपणात साधारण 60 ते 70 शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप, आकडा जास्त तितकं कडक) असतं, पीयू 80 ते 95 च्या आसपास, त्यामुळं एक्सल जागेवर जास्त पक्का राहतो, तेलालाही ते दाद देत नाही. पण पीयू पिळत नाही, ते आतल्या नळीवर फिरतं, म्हणून सिलिकॉन ग्रीस घालूनच बसवावं लागतं आणि ते सुकलं की कुरकुर सुरू. रॅलीला गाडी नेणाऱ्याला ठीक. मला ही गाडी 1986 ला चालायची तशी चालायला हवी होती, म्हणून रबरच घेतलं.

रबर घेताना एक बघा, दुकानात पिवळ्या पडलेल्या डब्यातला जुना ओरिजिनल माल दिसला की आपला जीव भुलतो. रबर कपाटात पडूनही म्हातारं होतं. नख रुतवून बघा, रुतून परत यायला पाहिजे. वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर ठेवून द्या परत, ओरिजिनल असला तरी. मी मुंबईतून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून ओळखीच्याकडून मागवले, नवे बनलेले, आणि सोबत बोल्ट आणि नायलॉक नट (आपोआप सैल न होणारे) सुद्धा नवीनच घेतले, जुन्या बोल्टवर नवा बुश चढवायचा नाही.

आणि मग शेवटचा टप्पा. सगळं बसलं, बोल्ट घातले, नट हातानं फिरवून टेकवले, बस, पान्हा लावायचा नाही. शॅकलचे पण तसेच. चाकं चढवली, घोडे काढले, गाडी जमिनीवर उतरवली. मग चाचांनी गाडी पुढंमागं दोन-चार फूट ढकलायला लावली आणि मागून बंपरजवळ दाबून सोडून दाबून सोडून पाटे त्यांच्या जागेवर बसू दिले. माझ्या पुतण्याला वाटलं झालं काम, तो पान्हे पुसायला लागला.

"थांब की बाळा, आता तर खरं काम," चाचा म्हणाले. "मागच्या सीटवर कोण बसतंय रोज?"

"आजी बसते," तो म्हणाला.

"मग आजीला बोलव. आणि काकूला पण."

आई आणि बायको दोघी मागं बसल्या, आईच्या हातात निवडायला घेतलेली मेथी तशीच, आणि चाचा सतरंजी टाकून गाडीखाली शिरले. गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक ओढलेला, ठोकळे लावलेले, वजन पूर्ण चाकांवर. आधी पुढचे दोन्ही डोळे आवळले, एकदा डावा, एकदा उजवा, थोडं थोडं करत, मग शॅकल. खालून त्यांचा आवाज, "वैनी, हलू नका जरा." आई आतून म्हणाली, "मी हलतच नाही, तुम्ही करा निवांत." बाहेर मी आणि पुतण्या वाकून बघतोय, प्रत्येक वेळी पान्हा "कर्र" करून थांबला की चाचा खडूनं नटापासून हँगरपर्यंत एक रेघ ओढत होते, सरळ, पांढरी, म्हणजे पुढं कधी नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल. हे खडूचं मला फार आवडलं. फॅक्टरीतही नटावर रंगाची खूण करतात ती याचसाठी. त्याला पैसे पडत नाहीत, आणि पुढच्या वेळी गाडीखाली डोकं घालायला दोन सेकंद पुरतात.

रोज मागं कुणी बसत नसेल तर माणसं बसवायची गरज नाही, गाडी चाकावर पाहिजे हे महत्त्वाचं. गाडीखाली शिरायला जागा होत नसेल तर मागची दोन्ही चाकं लाकडी फळ्यांवर किंवा रॅम्पवर चढवा, पुढचीही तेवढीच चढवा म्हणजे गाडी सपाट राहील, पण जॅकवर नको, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली तर कधीच नको. गॅरेजमध्ये करून घेत असाल तर समोर उभं राहून सांगा की दादा, बोल्ट नुसता टेकवा, गाडी खाली घेतल्यावर मग आवळू. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही. लिफ्टवरच आवळून टाकला असेल तरी उशीर झालेला नाही, गाडी चाकावर उभी असताना नट सैल करा, गाडी दोनदा हलवा, रबर आपली जागा आपण धरतं, मग पुन्हा आवळा. अँबॅसिडरवाल्यांनाही हेच लागू, तिच्या पाट्याची रचना याच घराण्यातली.

काम झाल्यावर संध्याकाळी गाडी मिरजेपर्यंत नेऊन आणली, चाचांना सोडायचंच होतं. विजयनगरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाल्यावर मुद्दाम साठला नेली आणि ॲक्सिलेटर सोडला. गाडी सरळ. पुन्हा सोडला, सरळ. चाचा शेजारी बसलेले, काही बोलले नाहीत, फक्त मागं मान वळवून ऐकत होते. स्पीड ब्रेकरवर आता "ठक्क" नाही, टायरचा "धप्प" असा भरीव आवाज येतो, आणि क्लच सोडताना पहिल्या गिअरला काहीच येत नाही. उजव्या बाजूला अगदी हळू एक कुरकुर अजून आहे, ती पाट्याच्या पानांची, बुशची नाही, पावसाळ्याआधी पानं सोडवून साफ करणार आहे.

500 किलोमीटर झाले की एकदा सगळे नट, यू बोल्ट धरून, परत तपासायचे आहेत. सध्या इतकं झालंय की तासगावला जाऊन आलो आणि खडूची एकही रेघ तुटलेली नाही. कुणाला पद्मिनीच्या मागच्या बुशची मापं हवी असतील तर विचारा, जुने आणि नवे दोन्ही व्हर्निअरनं मोजून वहीत लिहून ठेवलेत, लेथवाल्याकडं जायची वेळ आली तर कामाला येतील.